फिरायला बंदी

चिरंजीवास,
आशीर्वाद राग उतरल्यावर देईन.

आज सकाळी फिरायला निघाले, तर वॉचमन फाटकात आडवा उभा. "काकू, साहेबांचा फोन होता. तुम्हाला एकटीला सोडू नका म्हणाले." तेही चारचौघांसमोर! पाय माझे आणि परवानगी तुझी? शिवाय मी पडले कुठे? न्हाणीघरात. मग आंघोळीवर बंदी घाल की!

तू पाठवलेल्या त्या यंत्रावर चालून पाहिलं. घाम आला, पण समोर भिंत ती भिंतच. बाहेर फुलवाली हाक मारते, शिंपी दुकान उघडता उघडता सुनेची गाऱ्हाणी सांगतो. तुझे बाबा गेल्यापासून दिवसभरात माझ्याशी बोलणारी एवढीच माणसं.

वॉचमनची नोकरी जायला नको, म्हणून मुकाट्याने मागे फिरले. जिन्यात मात्र रडू आवरेना.

हे पत्र पाठवलं, तर तू फोनवरूनच समजूत घालशील. म्हणून पाठवत नाही. उद्या मी मागच्या दाराने जाणार आहे. अडवायचंच असेल, तर रजा काढून स्वतः त्या दारात उभा राहा. ये तर खरा!

पायांनी अजून धडधाकट,
तुझी आई