वॉकरची टकटक

३ जाने., शनि.
खुब्याच्या हाडात सळई. उभ्या स्कूटरवरून पडलो, हे आल्यागेल्याला सांगावं लागतं. डॉक्टरांना सळईचं स्टील कुठल्या ग्रेडचं विचारलं. जन्म ओझरच्या विमान कारखान्यात गेला, विचारणारच. ते म्हणाले, काका, तुम्ही फक्त चाला.
आजपासून फिजिओ, कीर्ती मॅडम. नातीच्या वयाची. खुर्चीतून उठा, बसा, परत उठा. शाळेत याला उठाबशा म्हणत, पण त्यासाठी आधी काहीतरी गुन्हा करावा लागे.
शिवाय सकाळ-दुपार वॉकर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या. देखरेख बायकोची, म्हणजे मालतीची.

६ जाने.
मांडी ठणकते. एक शोध लागला. मालती स्वयंपाकघरात पाठमोरी असते, मी चालतोय की नाही ते नुसतं कानाने ठरवते. सोफ्यावर बसूनच वॉकर फरशीवर आपटला. टक. टक. वळायच्या जागी थोडा थांबलोसुद्धा.
आल्याचा चहा मिळाला. म्हणाली, आज वेग चांगला होता.

९ जाने.
मालतीने मॅडमपुढे माझं तोंडभर कौतुक केलं. मॅडमनी टेपने मांडी मोजली, परत मोजली. एवढं चालता तर मांडी भरायला हवी होती म्हणे. व्यायाम वाढवला. मालतीने नाचणीची आंबील सुरू केली, दोन वेळा, बिनसाखरेची. टकटक चालूच. आता मागे कसं फिरणार

१४ जाने., संक्रांत
मालती शेजारी हळदीकुंकवाला. मला बाथरूमला जायचं होतं. सोफा खोल. उठवेना. वॉकर पुढ्यातच, मोबाईल पार टीव्हीजवळ. जोर केला, परत मागे. असं बराच वेळ.
पायजमा बदलावा लागला. जास्त लिहीत नाही.
ती आल्यावर मला ओढायला गेली आणि माझ्याशेजारीच सोफ्यात पडली. हातातलं वाण खाली. दोघं तसेच बसलो. मग म्हणाली, “मला तुम्हाला उचलता येत नाही हो.”
तेव्हा टकटकीचं सांगून टाकलं. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चालताना मी कण्हतो, त्या दिवशी कण्हलो नाही. रोज वाटायचं, आज स्वतःहून सांगाल.
“मग ती आंबील?”
“ती त्याचीच शिक्षा.”

२० जाने.
फेऱ्या खऱ्या, उठाबशाही. मालतीही समोरच्या खुर्चीवर उठते-बसते, मॅडमनी तिलाही सांगितलंय. मधेच कट्कन वाजतं. मी म्हणतो तिचा गुडघा, ती म्हणते तुमची सळई. मॅडम कुणाचीच बाजू घेत नाहीत.
आंबिलीत साखर आली.

२५ जाने., रवि.
आज नको वाटत होतं. चिडलो, उगाच. तिने खुर्ची पुढे सरकवली. उठलो. हात न टेकता!! नंतर जेवताना ती एकटीच हसत होती.

३१ जाने.
मॅडमनी हातात काठी दिली. पहिल्यांदाच घराबाहेर. ऊन छान. गेटपर्यंत गेलो, मालती अर्धं पाऊल मागे, हात माझ्या पाठीशी पण न लावता. गेटला धरून उभा राहिलो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने लांबूनच हात केला.
मालती म्हणाली, झालं, चला आत.
मी म्हटलं, कोपऱ्यापर्यंत.
ती रस्त्याकडे बघत राहिली. कोपरा आणि माझा पाय, आळीपाळीने. मग पदर खोचला.