ड्रिलशेजारचे क्रेट

हामामात्सु, ९ नोव्हेंबर २००४

प्रिय दादा,

थंडी पडायला लागली. तुझी पाठ कशी आहे? आईनं पाठवलेली संत्री पोचली. तुझ्या मेहुण्याला, शिगेओला, सोलून द्यावी लागतात, पण खातो मात्र भरपूर.

मुख्य कचेरीतून तुझ्या सहीचा हुकूम आला. सगळे क्रेट मूळ जागी ठेवा म्हणे. सहीखाली बहिणीची विचारपूस तरी करायचीस.

लाइन आखताना तू प्रत्येक मशीनपुढे एकेकच क्रेट माल शिल्लक ठेवायचा ठरवलंस. कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, कुणाचं मन दुखायला नको. अरे, नवीन वर्षाचे तांदळाचे मोची-लाडू वाटत होतास का? बाकीची मशीनं गुणी आहेत. ते जुनं ड्रिल मात्र रोज रुसतं. ते अडलं की पुढच्या मशीनचा क्रेट बघता बघता संपतो आणि सगळी लाइन हात बांधून ड्रिलवाल्याकडे बघत उभी राहते. कुणी चकार शब्द काढत नाही, तेच वाईट. आपल्यापायी सगळ्यांचा खोळंबा, या लाजेनं माणूस मशीन बंद न करताच आत हात घालतो.

उन्हाळ्यात शिगेओनं घातला. तुला किरकोळ जखम म्हणून कळवलं, कारण दादाला अपराधी वाटेल असं तोच म्हणाला. उजव्या हाताची तीन बोटं गेली, दादा.

आता लाइनची सुपरवायझर मी आहे. मी सगळ्यांचे क्रेट गोळा करून ड्रिलपाशी लावले. पुढच्या मशीनांना माल पुरावा म्हणून पुढे भरलेले, मागून येणारा माल साठवायला मागे रिकामे. म्हातारे कुरामोची आपला क्रेट स्वतः उचलून घेऊन आले. म्हणाले, "ने बाई, माझं मशीन माझ्यापेक्षा धडधाकट आहे." आता ड्रिल अडलं की त्यावरची हारुए बटण बंद करते, हात पुसते आणि मेकॅनिकला हाक मारते. बाकीच्यांचं काम चालूच असतं. तिच्याकडे कुणी बघतही नाही.

क्रेट हलवायला तू माणूस पाठवणार आहेस म्हणे. त्याला मी हात लावू देणार नाही. मला कामावरून काढायचं तर खुशाल काढ. पण क्रेट हलवायचेच असतील तर तू स्वतः ये. आधी घरी जेवायला ये. शिगेओ डाव्या हातानं तुझ्या पेल्यात साके ओतेल. तो पेला पिऊन झाल्यावर कारखान्यात जा आणि हलव.

हुकूम न मानणारी, तरी तुझीच धाकटी,
मिसुझु