पेटीतला दवाखाना

२ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. मी सांगते, माझा म्हातारा लिहितो. रुस्तेम फारसा बोलत नाही, म्हणूनच हे काम त्याच्याकडे.
सूनबाई वाल्बोना गावच्या दवाखान्यात नर्स. गेल्या महिन्यात जेवढ्या गोळ्या खपल्या, तेवढ्याच तालुक्याहून पुन्हा येतात. म्हणजे गाव धडधाकट राहिलं तर कपाट उपाशी. बर्फाने घाटरस्ता बंद झाला की माझी प्रेशरची गोळी कोण देणार? हिवाळ्याचं लोणचं, चीज, राजमा या घरात कधी कमी पडलं नाही. स्टॉक मला कोणी शिकवू नये.

५ ऑक्टोबर
प्लॅन पक्का. बायकांनी दवाखान्यात जाऊन कण्हायचं, मिळालेल्या गोळ्या माझ्या लग्नाच्या पेटीत टाकायच्या. खप वाढला की तालुका मुकाट्याने जास्त पाठवेल.
सगळ्या तयार. जाऊबाई झादेला विचारलंच नाही. मुलाच्या लग्नात ती माझ्या लोणच्याला खारट म्हणाली, तेव्हापासून तिची कॉफी तोंडाला लावलेली नाही. कॉफी प्यायली की भांडण मिटलं असं इथे धरतात. मला ते मिटवायचं नाही.

३० ऑक्टोबर
दुप्पट माल आला. वाल्बोना म्हणाली, गावाला अचानक झालंय तरी काय? मी म्हटलं, हवा.
म्हातारा हसला. हे लिहू नकोस.

९ नोव्हेंबर
पेटीचं झाकण लागेना. खोकी आणि चमचमती पाकिटं फुकट जागा खातात. बसून सगळ्या गोळ्या राजम्यासारख्या सोलल्या. पांढऱ्या एका बरणीत, गुलाबी दुसरीत. पाकिटं चुलीत, भयंकर वास. वाल्बोनाने रोजच्या पेशंटांना हिवाळाभराच्या गोळ्या आधीच वाटल्या. बायकांनी त्याही पेटीत आणल्या. माझ्याही पांढऱ्यांत गेल्या.
म्हातारा म्हणाला, नावं जळाली. मी विचारलं, राजम्यावर नाव असतं का?

२२ नोव्हेंबर
बर्फ. रस्ता बंद. मी निवांत. बरणीतली रोज एक पांढरी घेते. आठवडाभर दुपारपर्यंत झोप लागते, दिवस लहान झालेत.

१ डिसेंबर
तालुक्याच्या साहेबाचा फोन आला. एवढा खप खोटा वाटतो, रस्ता उघडला तरी चौकशीशिवाय काही पाठवणार नाही. कपाट रिकामं, आणि नोकरी जाईल म्हणून सूनबाई ओट्याशी उभी राहून रडली. मी ऐटीत पेटी उघडली.
तिने बरणी खिडकीशी नेली. बराच वेळ फिरवली.
"आई, यातली प्रेशरची कुठली, थायरॉइडची कुठली, झोपेची कुठली?"
मी म्हटलं, पांढरी. सगळ्याच पांढऱ्या. तिने डोळे पुसले आणि बरण्या घेऊन गेली. पेटीची किल्लीसुद्धा. आजकालच्या सुनांना बेत समजत नाहीत. साहेबाला मात्र खरं काय ते म्हातारा फोनवर सांगून आला. बोलायला याला आजचाच दिवस सापडला.

४ डिसेंबर
डोकं ठणकतंय. वाल्बोनाने प्रेशर मोजलं, आकडा सांगितला नाही. तीच गोळी आता गावात फक्त झादेकडे आहे म्हणे, तिने पेटीत काही टाकलंच नव्हतं. मी म्हटलं, तिच्या दारात जाण्यापेक्षा मरेन. सूनबाई म्हणाली, मग ठरवा, अंधार पडायच्या आत.

४ डिसेंबर, संध्याकाळ
गेले. बर्फ तुडवत, काठी टेकत, मान ताठ ठेवून. झादेने खुर्ची पुढे केली. बशीत एक गोळी, शेजारी कॉफी. मी पाणी मागितलं.
"पाणी तुझ्या घरी आहे, नुरिये. माझ्या घरची गोळी माझ्या कॉफीबरोबर."
गोळी गिळली. अर्धाच कप प्यायले आणि तिला स्पष्ट सांगितलं, भांडण अर्धंच मिटलंय.
झादे म्हणाली, चालेल, मग उद्या अर्धी गोळी.
कप संपवला. कॉफी पाणचटच होती. उद्या सकाळी पुन्हा जायचं आहे. जाताना लोणचं न्यायला सांगितलंय तिने, कमी मिठाचं.