दांडीचं पुढचं टोक

अब्बा, रविवारी मी व्हॅनच्या मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक शू बदलले. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, तरी कुणाला तरी सांगायचं राहून गेलंय असं दोन दिवस वाटतंय, म्हणून लिहायला बसले. व्हॅन तुम्ही पाहिलेली नाही. ती भावानं घेतली, जुनीच, आणि तिच्यातून तो पिंपळीची पोरं बारामतीच्या शाळेत नेतो-आणतो. तुम्ही गेलात तेव्हा मी दहावीत होते आणि तो पाचवीत. त्यामुळं तुमचं काम मी शेजारी बसून शिकले आणि तो पुढं परक्या गॅरेजात शिकला. मी आता इंदापूरला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये असते. नळीवरचं नाव मी दोनदा वाचते, मग आणखी एकदा वाचते, आणि शनिवारी घरी यायला एसटीत बसल्यावर वाटतं, एक नळी बघायची राहिलीच.

ही सवय कुठून आली ते तुम्हाला ठाऊक आहे. शाळेत घालायच्या आधी तुम्ही मला आकडे शिकवले ते पान्यांवर. एका पान्याच्या एका टोकाला दहा, दुसऱ्या टोकाला अकरा. मग बारा-तेरा, मग चौदा-पंधरा. आकडे जोडीनंच जन्माला येतात असं मला वाटायचं, आणि बालवाडीत बाईंनी 'दहानंतर काय' विचारलं तेव्हा त्यांना एकटा अकरा का हवाय ते मला कळेना. पण आकड्यांपेक्षा मला तो जीपचा दिवस जास्त आठवतो. मी चौथीत असेन. तुम्ही मला चाकाचे नट आवळायला दिले होते आणि मी पाना खाली ठेवून म्हणाले होते, "झालं असंल." तुम्ही हातातलं काम थांबवलं. ओरडला नाहीत. "असंल?" एवढंच म्हणालात, आणि सगळे नट सैल करून पाना परत माझ्या हातात दिलात. जीपवाला घाईत होता. "अहो, पोरीचा खेळ कशाला, मला टेंभुर्णी गाठायचीय," म्हणाला. तुम्ही त्याला म्हणालात, "बसा आबा. ती सांगंल तवा गाडी सुटंल." मी रडत रडत नट आवळत होते आणि तो मोठा माणूस खरोखरच बाकावर बसून माझी वाट बघत होता. ती शिक्षा होती की मान होता, हे मला कित्येक वर्षं ठरवता आलं नाही.

तर रविवार. मी शनिवारी संध्याकाळी येणार म्हटल्यावर भावानं रविवारी सकाळीच मागची दोन्ही चाकं उघडून ठेवली, मला मदत म्हणून. तुम्ही एका वेळी एकच चाक उघडायचात. अडलं तर दुसरं बघता येतं. त्याला कोण सांगणार? जुने शू काढून त्यानं बाकीचे भाग पोत्यावर नीट ओळीनं मांडले होते, दोन चाकांची दोन पोती. मला कौतुकच वाटलं. मी नवे शू घेतले, स्प्रिंगा घासून साफ केल्या आणि बसवायला लागले. तुम्हाला सांगायची गरज नाही, पण अम्मीला समजावलं तसं लिहिते. चाकाबरोबर फिरणाऱ्या गोल ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू समोरासमोर असतात, ब्रेक दाबला की ते ड्रमला आतून घासतात, आणि त्यांना अंतरावर धरणारी एक दांडी मध्ये असते. दांडीच्या दोन्ही टोकांना खाच असते, पण दोन खाचा सारख्या नसतात. एक टोक गाडीच्या पुढच्या बाजूच्या शूसाठी, एक मागच्यासाठी.

शू बसले, स्प्रिंगा बसल्या, पण ड्रम सरळ जाईना. लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकला तेव्हा गेला. चाक फिरवलं तर प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी खर्र वाजायचं. दुसरं चाक बसवलं, तिथंही तसंच. दोन्ही चाकं एकच बोलतायत म्हटल्यावर मला जरा धीर आला, हे आता लिहिताना अंगावर येतं. भाऊ म्हणाला, "आपा, नवीन शू हायत, घासून घासून जागा करतील. चार दिसात गप होतंय." त्याचं काही चूक नाही, नवे शू थोडे घासतातच. आम्ही व्हॅन कालव्यापर्यंत नेऊन आणली. उतरून मी ड्रमजवळ हात नेला तर धग लागली. एवढ्याशा फेरीत. भाऊ माझ्याकडं बघत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गाडीत पोरं बसणार होती. तो दिवस चुकला तर चार घरं दुसरी व्हॅन धरतील ही त्याची भीती, आणि दिवस नाही चुकला तर काय, ही माझी.

मी म्हणाले, "परत उघड."

"आपा, जेवणाची वेळ झाली गं."

"जेव तू. मी उघडते."

तो जेवला नाही. पुटपुटत जॅक लावला. चाकं निघाली आणि नेमके तेव्हाच पिंपळीचे तात्या मोटरसायकलवरून आले. त्यांच्या दोन नाती व्हॅननं जातात, आणि गाडीचं काम काढलंय हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. गाडीवरून न उतरता त्यांनी जमिनीवरचा पसारा बघितला, मग मला बघितलं. "काय रं," भावाला म्हणाले, "बहिणीला लावलंस व्हय कामाला? मंग उद्या पोरी बैलगाडीनं धाडू का?"

भाऊ हसला. मला हसता आलं नाही. मी म्हणाले, "तात्या, उद्या गाडी येईल का न्हाय ते मी संध्याकाळी सांगते. आत्ता न्हाय सांगत."

"आँ? सकाळपास्नं बसलाय आन् अजून न्हाय सांगत?"

"बसवलं होतं. मला पटलं न्हाय, म्हणून काढलं."

किक मारता मारता ते म्हणाले, "तुज्या बाचं बी असंच हुतं. माजा ट्रॅक्टर आडवून धरला हुता, ऐन पेरणीत. लई शिव्या घातल्या मी त्याला." आणि गेले. अब्बा, त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं, पण मला ती दिवसभर पुरली.

काढलेले नवे शू उजेडात धरून बघितले. घासल्याची चकाकी सगळ्या रुंदीवर हवी होती, ती फक्त एका कडेला होती. म्हणजे शू जागा करत नव्हता, तो तिरपाच उभा होता. का तिरपा ते कळेना. स्प्रिंगा बघितल्या, शूंमागची लोखंडी पाटी पुसून बघितली, कुठं वाकलेलं नाही, कुठं मोडलेलं नाही. मग मी सगळे भाग पोत्यावर पुन्हा मांडले, तुम्ही मांडायचात तसे, आणि एकेक हातात घेऊन बघायला लागले. भाऊ वरून बघत होता.

"उलटं का मांडतीस?"

"उलटं कुठंय? पुढची बाजू उजवीकडं, मागची डावीकडं."

"पुढचं डावीकडं असतंय, आपा. डावीकडनं सुरू करायचं. मी तसंच मांडलं हुतं की."

आम्ही दोघंही एकमेकांकडं वेड्यासारखे बघत राहिलो. दारात अम्मी कांदा चिरत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "तुझे अब्बा उजवीकडनंच मांडायचे. त्यांचे अब्बा पण. म्हाताऱ्यांनी शाळा कुठं बघितली हुती? मशिदीतल्या मक्तबमध्ये कुराण वाचायला शिकले तेवढंच, नि ते उजवीकडनं वाचतात. त्यामुळं त्यांची सुरुवात उजवीकडनं. बैलगाडीचं चाक खोललं तरी उजवीकडनं, नि भाकरी वाढली तरी उजवीकडनं."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, सगळ्या जगातले मिस्त्री असंच मांडतात. तुम्ही मराठी शाळेत शिकलात, हिशेब डावीकडून लिहायचात, पण पोत्याशी बसलात की हात आजोबांचा चालायचा, आणि तोच मी उचलला. भावानं डावीकडून मांडलेली ओळ मी उजवीकडून वाचली. शू ओळखू येतात, स्प्रिंगा ओळखू येतात, ते बरोबर बसले. पण दांडीचं कुठलं टोक पुढं हे फक्त ती कशी ठेवलीय त्यावरूनच कळतं. दोन्ही चाकांत मी ती उलटी घातली होती. तो चुकला नव्हता, तुम्हीही नाही. शेजारी बसून शिकलेलं दोघांनी दोन वेगळ्या घरी शिकलं होतं, एवढंच.

दांड्या फिरवून बसवल्या. ठोकळा लागला नाही, ड्रम आपसूक आत गेला. चाक फिरवलं तर सगळीकडून सारखा, अगदी बारीक सळसळता आवाज. आम्ही पुन्हा कालव्यापर्यंत जाऊन आलो आणि मी ड्रमवर हात ठेवला, ठेवूनच दिला. भाऊ म्हणाला, "आता काढ की हात, चिकटला का?" मग आमचा वाद झाला, की पुढं कुणाच्या पद्धतीनं मांडायचं. शेवटी मी दांडीच्या पुढच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला, दोन्हीकडं, म्हणजे आमच्यातलं कुणीही उघडलं, किंवा तिसऱ्याच कुणी उघडलं, तरी विचारावं लागू नये. ठिपका देताना तुमचं काहीतरी पुसतेय का असं वाटलं. पण तुम्हीच म्हणाला असतात, आठवणीवर ब्रेक सोडू नये. संध्याकाळी तात्यांना मीच फोन केला. "गाडी येणार," मी म्हणाले. ते म्हणाले, "येणार असंल, का येणार हाय?" मी म्हणाले, "हाय."

सोमवारी सकाळी लॅबला उशिरा येते असं कळवलं आणि घरी सांगितलं की बारामतीत बँकेत काम आहे, व्हॅननंच जाते. पिंपळीची पोरं चढली आणि मी मागं दप्तरांच्या ढिगात बसले. खिडकीच्या जागेवरून तात्यांच्या नातींची भांडणं चालली होती. कालव्याच्या उतारावर एक म्हैस मध्येच आली. भावानं ब्रेक दाबला आणि गाडी सरळ, शांत, जिथं थांबायला हवी तिथं थांबली. माझ्या मांडीवरचा डबा जागचा हलला नाही. पोरींचं भांडण तुटलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

आरशातून भाऊ माझ्याकडं बघून हसला. त्याला वाटलं, भित्री आपा खात्री करायला बसलीय, आणि मी तसं वाटू दिलं. या पत्राला पत्ता नाही, ते कपाटातल्या कपड्यांखाली जाईल, म्हणून इथं लिहिते. बँकेत माझं काही काम नव्हतं, आणि भीती तर रविवारीच संपली होती. मी बसवलेल्या ब्रेकवर गाडी थांबताना मला आत बसायचं होतं, बस्स. मला मिरवायचं होतं, अब्बा.