नानांचं राहिलेलं प्रकरण

१० एप्रिल
ऑफिसच्या पुस्तक सप्ताहाचं भाषण माझ्याकडे. विषय, देशोदेशीचे पुस्तकोत्सव. साहेब म्हणाले, तुमच्याइतका वाचणारा इथे दुसरा कोण आहे. मी नम्रपणे हसलो. शेवटचं पूर्ण वाचलेलं पुस्तक कोणतं, ते आठवता आठवता जेवण गार झालं. असो, संख्येला महत्त्व नसतं.
वडिलांचं, म्हणजे नानांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. वाचायला मनाई. कादंबरीचं एकच प्रकरण राहिलंय, वाचून दाखवशील का, असं विचारत होते. उद्या नक्की.

१२ एप्रिल
आइसलंडमध्ये नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरोघर एकमेकांना पुस्तकं देतात आणि रात्री वाचत बसतात. डोळ्यांत पाणी आलं. नाहीतर आपण!
टिपणं काढताना नानांनी दोनदा हाक मारली. महत्त्वाचं काम चाललंय, असं त्यांना सांग म्हणून बायकोला म्हणालो. तिने नुसतं नानांच्या खोलीकडे बोट दाखवलं. हे तिचं जुनंच आहे.

१५ एप्रिल, सकाळी ७
जपानमधल्या बऱ्याच शाळांत सकाळी दहा मिनिटं मूकवाचन असतं. आजपासून आपल्या घरातही.
७.०४ ला मला डुलकी लागली. मुलीचं म्हणणं, बाबांच्या घोरण्यामुळे मूकवाचन मूक राहिलं नाही. नाना काळा चष्मा लावून आमच्यात बसले होते. मूकवाचनाचा त्यांना काय उपयोग, हे मला उठताना सुचलं. फार वाईट वाटलं. आज संध्याकाळी नक्की.
संध्याकाळी मॅच होती.

२३ एप्रिल, सकाळी
स्पेनच्या कॅटलोनियात आज पुस्तक आणि गुलाब देतात. ऑफिसातही तेच, कल्पना माझी. प्रत्येकाने एक पुस्तक गुंडाळून आणायचं, चिठ्ठ्या टाकून अदलाबदल. गुलाब आणले. पुस्तक राहिलं. दुकानं उघडायची होती. नानांच्या फळीवरचं एक जाडसर उचललं. सध्या त्यांना तसंही वाचता येत नाही.

संध्याकाळी
भाषण गाजलं. ‘घरात मोठ्याने वाचणारं माणूस हवं’ या वाक्याला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.
माझं पुस्तक साहेबांच्या वाट्याला आलं. त्यांनी उघडलं, तर शेवटच्या प्रकरणातून डोळ्यांच्या थेंबांच्या खोक्याचं झाकण खाली पडलं. नानांनी खूण म्हणून घातलेलं. म्हणजे हीच ती राहिलेली कादंबरी. परत मागणार कुठल्या तोंडाने? साहेबांनी जागच्या जागी जाहीर केलं, आज गावी निघालेल्या सासूबाईंना प्रवासात होईल.

२४ एप्रिल
चार दुकानं पालथी घातली. ते पुस्तक आता छापतच नाहीत. नानांनी पुन्हा विचारलं. उद्या नक्की, म्हणालो.

२५ एप्रिल
शेवटी युक्ती काढली. जाडीला सारखं म्हणून आयकराचं मार्गदर्शक पुस्तक हातात घेतलं आणि नानांच्या पलंगाशेजारी बसलो. आधीची गोष्ट त्यांच्याकडूनच काढून घेतली. म्हातारा नावाडी, शहरात गेलेला मुलगा, रोज संध्याकाळी घाटावर वाट बघणं. मग मी मुलाला परत आणला. भेटीगाठी, रडारड, नवी होडी. अधूनमधून पानंही उलटली. आपल्यात लेखक दडलाय, याची खात्री पटली.
नानांनी हात जोडून सगळं ऐकलं. मग म्हणाले, “छान रचलंस. पुस्तकात मुलगा येत नाही. मी ते तीनदा वाचलंय.”
मग मला वाचायला कशाला सांगत होतात, असं विचारलं. म्हणाले, काही दिसत नसलं की संध्याकाळ सरत नाही रे.
मान वर करवेना. उद्यापासून रोज आठ वाजता, खरं पुस्तक, मोठ्याने. शब्द दिला.

२६ एप्रिल, रात्री ८.१०
बैठकीतून लिहितोय. सप्ताहाच्या यशामुळे साहेबांनी अचानक बोलावली. विषय, घराघरात वाचन. अध्यक्ष मीच, नाही कसं म्हणणार?
निघताना नानांच्या खोलीत डोकावलो. त्यांनी पलंगाशेजारी खुर्ची ओढून ठेवली होती. मी वाचायला आलोय असं वाटून थोडे सरकून बसले. पाय न वाजवता बाहेर पडलो.
उद्या नक्की.