आखाजीच्या आत जीप

बमरोली, सुरत
रविवार, १३ एप्रिल १९९७

तीर्थस्वरूप निंबामामा यांच्या पायांवर भाचा गजेंद्र याने इथूनच डोकं ठेवलं आहे, ते आशीर्वाद देऊन लवकर उचलावं, कारण मान हल्ली फार वेळ वाकत नाही. आम्ही सर्व खुशाल आहोत. तुमच्या खोकल्याची, मामींच्या दाढेची आणि काळ्या म्हशीची खुशाली सविस्तर कळवावी. मागच्या पत्रात म्हशीला दीड पान आणि मामींना दीड ओळ मिळाली होती, हे उज्ज्वलाने मोजून काढलं आहे. (तुमची पत्रं तुमची भाचेसून माझ्याआधी फोडते. नवऱ्याच्या नावाची पाकिटं फोडणं हा तिच्या माहेरचा रिवाज असावा.) तुम्ही चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलीत आणि माझं लहानपणीचं प्रत्येक पत्र लाल शाईने तपासून, दहापैकी गुण देऊन परत पाठवलंत. (सर्वांत जास्त गुण साडेपाच, आणि तेही अक्षरासाठी.) या पत्राला गुण नकोत. सल्ला हवा आहे.

गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय शिजतो आहे: नवी जीप हप्त्यांवर घ्यावी की नाही. साधी मोटार नव्हे, जीप. खड्ड्यातून, दगडातून, नदीतून जाणारी. तुम्ही म्हणाल, पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवणाऱ्या कलरमास्तरला जीप कशाला, तो काय शिकारीला जाणार आहे? तर ऐका. जीप माझ्यासाठी नाही, आईसाठी आहे. तुमची बहीण सात वर्षं अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, माहेरी आलेली नाही. आमच्या गल्लीतल्या सगळ्या खानदेशी बायका वैशाखात पेट्या भरून निघून जातात, गल्लीत नुसते पुरुष आणि करपलेल्या भाकऱ्या उरतात, आणि आई ओट्यावर बसून सगळ्यांना "सावकाश जा" म्हणते. ते मला बघवत नाही.

बरं, मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. पहिल्या वर्षी ती म्हणाली, एसटीत उभं राहवत नाही. दुसऱ्या वर्षी मी पहाटे जाऊन खिडकीची सीट राखून आणली, तेव्हा म्हणाली, लोणच्याच्या कैऱ्या आणून पडल्यात. तिसऱ्या वर्षी मी कैऱ्या घरात येऊच दिल्या नाहीत, तर पापड निघाले. चौथ्या वर्षी गुडघा. गुडघ्यासाठी मी एक वैद्य आणि दोन डॉक्टर केले, तिघांची तेलं एकत्र करून चोळली, गुडघा बरा झाला. (हे तेल मिलमधल्या एका मशीनच्या करकरणाऱ्या चाकालाही लागू पडलं.) मग पाचव्या वर्षापासून नदी. तुमच्या धामणपाड्याच्या फाट्यावर एसटी सोडते, पुढे चार किलोमीटर चालायचं, मध्ये नदीचं पात्र आणि त्यात नारळाएवढे गोटे. "त्या गोट्यांतून मी आता चालू का?" असं तिने विचारलं आणि मला पहिल्यांदाच तिची अडचण खरी वाटली. गोट्यांवर तेल चालत नाही. गोट्यांवर जीपच हवी.

तुम्हाला आठवत असेल, सात वर्षांपूर्वी तुम्ही तिचे मुराळी होऊन तिला न्यायला आला होतात. बहिणीला आखाजीला आणायला भावाने जावं, ही आपली रीत तुम्ही कधी चुकवली नाहीत. त्या वर्षी नवापूरपासून सुरतेपर्यंत उभ्याने आलात, धोतराचा सोगा कुणाच्या तरी ट्रंकेत अडकून फाटला होता. ते पाहून मला इतकं वाईट वाटलं की मी तुम्हाला म्हणालो, "मामा, पुढच्या वर्षापासून तुम्ही हा त्रास घेऊ नका. आईला आम्हीच आणून सोडत जाऊ." तुम्ही मान हलवलीत आणि शब्द पाळलात. त्या वाक्याचा मला आजही अभिमान आहे. फक्त आणून सोडायचं तेवढं राहून गेलं.

असो. शोरूमकडे वळतो. बन्सीलाल माझ्यासोबत होता. (बन्सीलाल आमच्या मिलचा टेम्पो चालवतो. चार चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूबद्दल तो अधिकाराने बोलतो, त्यात पलंगही आले.) तिथल्या विक्रेत्याने हप्त्यांचा कागद पुढे केला. तीन वर्षांचे छत्तीस हप्ते. त्यावर मी दोन मिनिटं विचार केला. नंतर त्याने रंगांचं कार्ड दाखवलं, आणि मामा, माझ्यातला कलरमास्तर जागा झाला. अडीच तास गेले. त्यांचा पांढरा पिवळ्याकडे झुकत होता. हिरव्यात निळा जास्त पडला होता. मरून रंग तर असा की आमच्या मिलमध्ये मी तो लॉटच परत पाठवला असता. मी दार उघडून त्याच्या आतली कड उन्हात पाहिली, ट्यूबलाइटखाली पाहिली, मग विक्रेत्याला विचारलं की हा पहिला लॉट आहे की दुसरा. तो बिचारा सारखं एकच म्हणत होता, "बधा ज सारा छे, साहेब," म्हणजे सगळेच चांगले आहेत. शेवटी बन्सीलालने माझ्या कानात सांगितलं की गाडी धुवायची असते, नेसायची नसते. तेव्हा कुठे मी राखाडीवर आलो.

राखाडी जीप चालवून बघायला त्यांनी आम्हाला मागच्या रविवारी दिली. "फॅमिलीला घेऊन या," असं विक्रेत्याने आपण होऊन सांगितलं, ही त्याची चूक. तो गुजराती माणूस, त्याला वाटलं चौघं येतील. आम्ही चौघंच निघालो होतो: मी, आई, उज्ज्वला आणि दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली आमची लेक गायत्री. पण जीप दाखवायला म्हणून एकदा गल्लीत आणली आणि एकूण चौदा जण झालो. कुणी खिचडीचा डबा घेतला, कुणी सतरंजी. विक्रेत्याने दिलेला त्यांचा ड्रायव्हर उतरून रिक्षाने परत गेला, कारण त्याला जागा उरली नाही, आणि चाक बन्सीलालच्या हाती आलं. नदी हवी होती, म्हणजे धामणपाड्यासारखी परीक्षा झाली असती. पण बन्सीलालचा एक ओळखीचा शेतकरी बारडोलीच्या बाजूला आहे, म्हणून आम्ही तिकडे गेलो. उसाच्या शेताला कालव्याचं पाणी सोडलेलं होतं. बांधावरून उतरून चिखलातून पलीकडे जायचं, असं ठरलं.

आई पुढे, बन्सीलालच्या शेजारी. निघताना तिच्या मांडीवर तिची निळी कापडी पिशवी. ही पिशवी तिने सुरतेत कुठेही जाताना कधी घेतली नव्हती, पण जीपचं नाव निघाल्यापासून सोडत नव्हती. चिखलात उतरायच्या आधी बन्सीलालने सांगितलं, या गाडीला गिअरच्या शेजारी आणखी एक छोटा दांडा असतो, तो ओढला की चारही चाकं जोर लावतात. त्याने दांडा शोधला. दांडा दिसेना. साधी गाडी दिली म्हणून विक्रेत्याच्या नावाने चार शब्द ऐकवले आणि तशीच घातली चिखलात. दहा फुटांवर जीप बसली, ती म्हशीसारखी बसली. (तुमच्या काळीचा अपमान करायचा नाही.) आम्ही बारा जण ढकलत होतो. चाकं नुसती गरगर फिरत होती आणि माझा नवा शर्ट अशा एका शेडचा झाला जी मी पंचवीस वर्षांत जमवू शकलेलो नाही. शेवटी त्या शेतकऱ्याने बैलांची जोडी आणली, उसाच्या गाडीचा दोर बांधला, आणि बैलांनी एका हिसक्यात नवी कोरी जीप बाहेर काढली. गल्लीतल्या बायकांनी बैलांच्या पायांवर पाणी घातलं. जीपकडे कुणी पाहिलंही नाही.

मग आईने खाली उतरायला म्हणून दांड्यावर लटकवलेली आपली पिशवी काढून घेतली. होय मामा. तो छोटा दांडा पिशवी अडकवायलाच दिलेला आहे अशी तिची समजूत झाली होती, आणि किती सोयीची गाडी आहे असं तिने वाटेत दोनदा बोलूनही दाखवलं होतं. बन्सीलाल बांधावर जाऊन पाठमोरा बसला. त्याच गोंधळात पिशवीचा बंद तुटला आणि आतल्या वस्तू सतरंजीवर पडल्या. सात शर्टपीस. सगळे नवे, घडी न मोडलेले. आमच्या मिलमधून मी दर वर्षी आखाजीच्या सुमाराला कट-पीस घरी आणतो, त्यातला एकेक. मी माझे रंग ओळखतो: सत्त्याण्णवचा फिका पिस्ता, पंचाण्णवचं आभाळी, एक्क्याण्णवचा तो बदामी, जो तेव्हा खूप चालला होता. मी विचारलं, कुणासाठी? ती म्हणाली, ठेव तसेच. मी ठेवले. पण चिखल धुताना माझे डोळे भरून आले, मामा, हे तुम्हाला सांगायला लाज कसली.

तर तिला यायचं आहे, हे आता पक्कं. नदी आडवी आहे, हेही पक्कं. म्हणून जीप घ्यायची असं मी ठरवलं आहे. उज्ज्वलाचं म्हणणं, घराला दुसरा मजला काढायचा की दारात चाकं उभी करायची, याचा एकदा नीट विचार करा. तीही बरोबर आहे, पण मजला धामणपाड्याला जात नाही. फायनान्सवाल्यांना एक जामीनदार लागतो, पेन्शनवाला चालतो. फॉर्म भरून तयार आहे, जामीनदाराची जागा कोरी आहे. तुमचा होकार असेल तर कळवावं. आखाजी नऊ मेला आहे. मामींना नमस्कार, म्हशीला कुरवाळणं.

आपला भाचा
गजेंद्र

ता. क. १ (त्याच दिवशी, संध्याकाळचा चहा झाल्यावर): पाकीट बंद करण्याआधी आईला विचारलं, मामांना काही निरोप? जीप येतेय म्हणून सांगू का, यंदा तुला मी घेऊन येतो म्हणून? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तू लई जाशी ते मी पाहुनी व्हसू. मना भाऊ लेवाले येई तवय मी माहेरले जासू." मी नेलं तर ती पाहुणी, भावाने नेलं तरच माहेरवाशीण! मी म्हणालो, मग नदी? म्हणाली, नदी तिच्या लहानपणापासून तिथेच आहे. मी म्हणालो, मग कैऱ्या, पापड, गुडघा? ती म्हणाली, तू कारण विचारायचास, म्हणून मी द्यायची. मामा, सात वर्षं ती रस्त्यासाठी थांबली नव्हती, मुराळ्यासाठी थांबली होती, आणि तो मुराळी मीच तोंडाने बंद केला होता. वर ज्या वाक्याचा मला अभिमान आहे असं लिहिलंय, त्यावर लाल शाईने काट मारावी. फॉर्म मी फाडून टाकला. जीप नको.

ता. क. २: तेव्हा खरी विनंती ही की, तुम्ही या. धोतर फाटलं तर मी नवं घेईन, आणि ते पांढऱ्याचं पांढरं असेल. माझा तो शब्द मी परत घेतो. तुम्ही तो मनाला लावून घेतला होतात की नुसता पाळत होतात, हे मला ठाऊक नाही, विचारायची हिंमतही नाही, पण दर पत्रात "ताई केव्हा येते?" असं तुम्ही विचारता आणि ते ऐकून ती पदराने चष्मा पुसते, एवढं मला दिसायला हवं होतं. या, ओट्यावर बसा, पाणी प्या, आणि "बहिणीला पाठवा" असं म्हणा. मी रीतीप्रमाणे दोन दिवस नाही म्हणेन. तिसऱ्या दिवशी हरेन. सात शर्ट शिवायला टाकायचे असल्याने माप द्यायला एक दिवस जास्त राहावं लागेल.

ता. क. ३ (सोमवार, सकाळ): गायत्रीने हे पत्र आजीला मोठ्याने वाचून दाखवलं. माझं कुणी ऐकत नाही ते असं. ता. क. २ ला आई रडली, मग हसली, मग तिने गायत्रीला पुन्हा वाचायला लावलं. नंतर मला बोलावून म्हणाली, जीप नको असं कुणी सांगितलं तुला? भाऊ न्यायला एसटीने येईल, पण जाताना आम्ही बहीणभाऊ पुढे बसू, तू मागे बस, आणि नदी अशी ओलांडायची की गावाला कळलं पाहिजे. पिशवी कुठे लटकवायची नाही, हेही तिला आता माहीत आहे. उज्ज्वलाने हात जोडून मजल्याचं नाव सोडलं आहे. फाडलेला फॉर्म गायत्री डिंकाने चिकटवते आहे. जामीनदाराची जागा नशिबाने फाटलेली नाही. येताना चष्मा आणा.