लग्नाचं जेवण आणि ओरेस्टचा ट्रेलर

प्रिय दारियाताईस मार्ताचा प्रेमाचा नमस्कार,

तुझा गुडघा कसा आहे? पेट्रोदाजींचा खोकला थांबला का? आम्ही सगळे ठीक आहोत, आणि आमच्या लेस्याचं लग्न एकदाचं लागलं. बर्फाने रस्ते बंद झाले म्हणून तुला येता आलं नाही, तेव्हा खरं काय घडलं ते माझ्याकडूनच ऐक. (आमच्या विहीणबाई काय सांगत फिरतायत त्यावर जाऊ नकोस.)

ओरेस्टने हिवाळ्याच्या तोंडावर ॲल्युमिनियमचा ट्रेलर घेतला, मला न विचारता. "हा गंजत नाही, मार्ता," म्हणाला. गंजत नाही हे खरं, पण रस्त्यावर टाकतात ते मीठ बसलं की त्याच्यावर पांढरी भुकटी धरते आणि खाली बारीक खड्डे पडतात. पहिला डाग दिसला त्या दिवशी हा माणूस जेवला नाही. कुणाचं तरी ऐकून त्याने चाकं चमकवायचं ॲसिड चोळलं, तर एक अख्खी बाजू ढगाळ झाली. (ती बाजू आता कायम भिंतीकडे.) तेव्हापासून कोमट पाणी, साधा साबण, मऊ फडकं आणि वर मेणाचा हात. माझ्या पाठीला बाम लावताना इतक्या हळुवारपणे त्याचा हात कधी फिरला नाही.

तर लग्नाचं सगळं जेवण, बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोही, कोबीचे रोल, केक, ट्रेलरमध्ये भरून तो हॉलकडे निघाला. वाटेत खारट चिखल उडाला. व्याह्यांसमोर असा ट्रेलर कसा न्यायचा? म्हणून गडी मध्येच गाडी धुवायच्या शेडमध्ये शिरला, ट्रेलर चकचकीत धुतला आणि न पुसताच उणे तीसच्या थंडीत बाहेर काढला. हॉलशी पोचेपर्यंत दाराच्या रबरात शिरलेलं पाणी दगड झालं होतं. दार हलेना.

हॉलमध्ये पाहुणे भुकेले. व्याह्यांनी किटलीभर उकळतं पाणी ओतलं, तेही गोठलं आणि दार आणखी घट्ट झालं. मग ते पहार घेऊन आले, तर ओरेस्ट हात पसरून आडवा उभा.

"आधी माझं डोकं फोडा."

"त्यात काही सापडेल असं वाटत नाही," व्याही म्हणाले.

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात लेस्या लग्नाच्या झग्यावर माझा कोट चढवून बाहेर आली. "बाबा, अग्निशमन केंद्राचं गॅरेज गरम असतं. ट्रेलर तिकडे न्या. आणि तुम्ही भांडायचं थांबा, फादरना भूक लागलीय."

ट्रेलर आत नेला, मागोमाग अख्खं वऱ्हाड आलं. दार वितळेपर्यंत वादकांनी बंबाच्या पायरीवर बसून वाजवलं आणि विहीणबाईसुद्धा नाचल्या (हे त्या सांगणार नाहीत). दार उघडलं तेव्हा टाळ्या पडल्या. पिरोही थिजल्या होत्या, पण केंद्रातल्या चुलीवर लोण्यात परतल्यावर कुणी तक्रार केली नाही. लेस्या म्हणते, हॉलमध्ये एवढी मजा आली नसती.

दाजींना नमस्कार सांग.

तुझी,
मार्ता

ता. क. तुमची ट्रॅक्टरची शेड गरम असते ना? बर्फ जाईपर्यंत ट्रेलर तिथे ठेवशील का? नाही म्हणू नकोस.

ता. क. ट्रेलरसोबत ओरेस्टही राहणार म्हणतो; रस्ते आता उघडलेत, हे पत्र तोच घेऊन येतोय. पुसायला कुणीतरी हवं. त्याला बीट फारसं वाढू नकोस, सोसत नाही.

ता. क. ट्रेलर हवा तितके दिवस ठेव, ओरेस्टला मात्र रविवारी परत पाठव. तो अजून अंगणात ट्रेलरला दोर बांधतोय, आणि घर आत्तापासूनच फार शांत वाटतंय.